डिझेल कुणाच्या नावावर लिहायचं?

प्रश्न : काकू, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. वय ४१. गाव रेणापूर तालुक्यात, लातूरपासून २२ किलोमीटर. शाळा गावापासून उलट्या दिशेला ९ किलोमीटर. घरी सात एकर कोरडवाहू, ७६ वर्षांची आई, बायको आणि दोन लेकरं. बायको लातूरला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये मी डबल केबिनचं पिकअप घेतलं. आत पाच माणसं बसतात, मागं उघडा हौदा आहे. पांढऱ्या पाटीची, घरगुती वापराची गाडी. माझ्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या टेम्पोत माल घातला आणि मोंढ्यात आपला नंबर लागेपर्यंत टेम्पोवाल्याची बोलणी खाल्ली. पोत्यांवर बसून ते ऐकताना मी सातवीत होतो. आपल्या मालाला आपलं चाक असावं, हे तेव्हापासून मनात होतं. मला तंबाखूचंसुद्धा व्यसन नाही. ही एकच हौस केली.

आता अडचण. गेल्या महिन्यात गाडी १,८०० किलोमीटर फिरली. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल मोजलं तर साडेअकराचा ॲव्हरेज पडतो. डिझेल ९२ रुपये धरलं तर महिन्याला १४,४०० रुपये होतात. यातलं बरंचसं बायकोच्या ड्युटीचं आहे. तिला आठवड्यातून तीनदा सकाळच्या पाळीला लातूरला सोडतो, येताना ती एसटीनं येते. बाकी मी रोज शाळेला जातो, संध्याकाळी तीन किलोमीटरवरच्या शेतात चक्कर असते. महिन्यात चारेक वेळा मोंढ्याला, खताला, पेंडीला रेणापूर नाहीतर लातूर. आईला महिन्यातून एकदा डॉक्टरकडं न्यावं लागतं, तिला चढायला घरातलं प्लास्टिकचं स्टूल गाडीत ठेवलंय. रविवारी कधी तुळजापूर, कधी अंबाजोगाई, कधी लग्न.

माझा पगार हातात ६२,००० येतो, बायकोचा १६,०००. गाडीचा हप्ता २१,४०० आहे, सात वर्षांचा. विमा वर्षाला ४८,०००, सर्व्हिसिंग-टायर मिळून वर्षाला २२,००० च्या आसपास. गेल्या सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन पाण्यात गेलं, त्यामुळं शेतीतून यंदा काही नाही. मुलगी अकरावीला, नीटची तयारी करतेय. जूनमध्ये तिच्या क्लासचा ४०,००० चा हप्ता भरायचाय. परवा बायको म्हणाली, ‘तुमची गाडी पोरीची फी पितीय.’ तेव्हापासून घरात बोलणं कमी झालंय. डिझेल उतरेल म्हणून थांबू, की गाडी काढून सीएनजीची छोटी कार घेऊ?
— एक शिक्षक, ता. रेणापूर

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र पहिल्यांदा नुसतं वाचलं, दुसऱ्यांदा पेन घेऊन वाचलं. आकडे न लपवता दिलेत, त्यामुळं मला तुमच्या घरात बसून बोलल्यासारखं बोलता येईल. एक वाक्य मात्र मला टोचलं. त्याच्याकडं मी येणार आहे. आधी गाडी कुठं कुठं गेली ते मांडू.

९२ ला साडेअकरानं भागलं की किलोमीटरला बरोबर ८ रुपये येतात. हा आठचा आकडा पाठ करून टाका. शाळा जाऊन-येऊन १८ किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस धरले तर ४३२ किलोमीटर, म्हणजे ३,४५६ रुपये. ताईंना सोडायला लातूरला जाऊन परत गावात, ४४ किलोमीटर. महिन्यात १३ वेळा म्हणजे ५७२ किलोमीटर, ४,५७६ रुपये. शेताची चक्कर १५० किलोमीटर, १,२०० रुपये. मोंढा, खत, पेंड असं मालाचं चार फेऱ्यांत २०० किलोमीटर धरते, १,६०० रुपये. एवढं १,३५४ किलोमीटर झालं. राहिले ४४६. त्यात आईंचा डॉक्टर, तुळजापूर, लग्नं आणि सहज निघालेली चक्कर. त्याचे ३,५६८ रुपये.

म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही मागं हौदा असलेली गाडी घेतलीत, त्या मालाच्या कामाला १,८०० पैकी २०० किलोमीटर लागले. बाकीच्या सोळाशे किलोमीटरला हौदा रिकामाच होता.

आता डिझेल बाजूला ठेवा आणि गाडी ओट्यासमोर नुसती उभी आहे असं समजा. हप्ता २१,४००, विम्याचे महिना ४,०००, सर्व्हिसिंग-टायरचे साधारण १,८००. मिळून २७,२०० रुपये, चाक न फिरवता. त्यात १४,४०० मिळवले की ४१,६०० होतात. तुमच्या घरात ७८,००० येतात. म्हणजे अर्ध्याहून जास्त पगार गाडीवर जातो आणि उरलेल्या ३६,४०० मध्ये पाच माणसं, औषधं, शिक्षण. ताई जे बोलल्या ते रागात बोलल्या असतील, पण हिशोबानं खरं बोलल्या.

डिझेल या सगळ्यातला जेमतेम तिसरा हिस्सा आहे, म्हणून ते उतरायची वाट बघू नका. १६ जून २०१७ पासून भाव रोजच्या रोज ठरतात असं आपण म्हणतो, पण एप्रिल २०२२ नंतर पंपावरचा आकडा ठळकपणे हलला तो मुख्यतः सरकारनं हात घातला तेव्हाच. मे २०२२ मध्ये केंद्रानं अबकारी कर ६ रुपयांनी कमी केला, जुलैमध्ये राज्यानं व्हॅट कमी केल्यावर ३ रुपये उतरले, मग थेट मार्च २०२४ मध्ये २ रुपये. उद्या एकदम ५ रुपये उतरले असं धरू. तुम्हाला महिन्याला १५६ लिटर लागतं, म्हणजे वाचणार ७८० रुपये. त्यात एक सिलिंडरसुद्धा येत नाही.

आता ते टोचलेलं वाक्य. ‘यातलं बरंचसं बायकोच्या ड्युटीचं आहे.’

गुरुजी, हे वाचून मला माझ्या घरातली १९९८ सालची गोष्ट आठवली. ती मी आजवर या सदरात लिहिली नव्हती. आमच्या दोन ट्रक होत्या, टाटाच्या १६१३. लातूरची तूरडाळ घेऊन हैदराबादला जायच्या आणि येताना कर्नाटकातल्या वाडीहून सिमेंट आणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा दहावी झालेली होते. सासऱ्यांनी लाल कापडी बांधणीचा रोजमेळ माझ्या हातात दिला आणि तो तेवीस वर्षं माझ्याकडं राहिला. पंपावर आमचं उधारीचं खातं होतं. डिझेल भरलं की ड्रायव्हरनं चिठ्ठीवर सही करायची, महिनाअखेरीला पंपवाला गठ्ठा पाठवायचा. मी चिठ्ठ्या वहीत उतरवून घ्यायची आणि खिळ्याला टांगलेल्या तारेत ओवून ठेवायची.

त्या वर्षी यजमानांनी जीप घेतली. पाहुण्यांकडं जायला, देवाला जायला. मलाही ती आवडायची. मागच्या बाकावर मी आणि जाऊबाई बसायचो आणि औशापर्यंत गाणी म्हणत जायचो. पण जीपचं पान काही मी वहीत उघडलं नाही. घरची गाडी आहे, तिचं काय लिहायचं, असं वाटलं.

दिवाळीच्या आधी चार महिने एका ट्रकचा ॲव्हरेज घसरला. साडेचारची गाडी चारवर आली. महिन्याला दीडशे लिटरची तूट. ट्रकच्या धंद्यात अशा तुटीचा पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. रात्री धाब्यावर नळी घालून डिझेल काढून विकतात, हे सगळ्यांना माहीत असतं. आमचा ड्रायव्हर नळेगावकडचा, नऊ वर्षं आमच्याकडं होता. यजमानांनी त्याला किन्नरासमोर, म्हणजे गाडीवरच्या क्लीनरसमोर, विचारलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक धुऊन आणली, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला.

पाडव्याला वही बदलायची म्हणून मी तार सोडवली. चिठ्ठ्या उलट्या पडल्या आणि मागच्या बाजूला पंपावरच्या पोरानं पेन्सिलीनं लिहिलेले आकडे दिसले. जीपच्या नंबरातले शेवटचे चार. सही यजमानांची. एक, दोन, पाच, अकरा चिठ्ठ्या. चार महिने जीप डिझेल पीत होती आणि मी ते माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, ट्रकच्या पानावर चढवत होते. आम्ही दोघं नळेगावला त्याच्या घरी गेलो. त्यानं आम्हाला बसायला बाज टाकली, चहा केला, नीट बोलला. पण परत आला नाही. आजही पंपाची चिठ्ठी हातात आली की मी आधी मागची बाजू बघते.

त्या दिवाळीपासून माझ्या वहीत चार रकाने झाले : पहिली ट्रक, दुसरी ट्रक, घर आणि हौस. हौसेच्या रकान्याला हौसच म्हटलं, दुसरं नाव दिलं नाही.

म्हणून विचारते. ताईंना लातूरला सोडा, असं त्या म्हणाल्या होत्या का? की नवी गाडी आली, सकाळी निघावंसं वाटलं आणि तुम्ही सोडायला लागलात? दुसरं असेल तर ते प्रेमानंच केलंत, त्यात वाईट काही नाही. पण मग ते ४,५७६ रुपये त्यांच्या नावावर लिहू नका. त्यांच्यासाठी एसटीचं तिकीट १७ मार्च २०२३ पासून अर्धं आहे. २२ किलोमीटरला वीस-पंचवीस रुपये. १३ फेऱ्यांचे सव्वातीनशे धरा. सकाळची गाडी पाळीला गाठ घालून देत नसेल, वाटेत अंधार असेल, थांब्यावर दिवा नसेल, तर ते त्यांच्या तोंडून ऐका. मग सोडणं ही गरज आहे, आणि तिचे पैसे घराच्या रकान्यात जातील. हे एवढं एक बोलणं आजच्या आज करा. बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

शाळेचं आणि शेताचं तर मला स्पष्टच दिसतं. तुमच्याकडं जुनी मोटारसायकल असणार, गावात कुणाकडं नसते? नसली तर जुनी शंभर सीसीची बघा. पेट्रोल १०६ च्या घरात धरलं आणि ५५ चा ॲव्हरेज धरला तरी किलोमीटरला दोन रुपयांच्या आतच पडते. शाळा आणि शेत मिळून ५८२ किलोमीटर, पिकअपनं ४,६५६ रुपये, मोटारसायकलनं साडेअकराशे. पाठ दुखते म्हणून बरेच शिक्षक मोटारसायकल सोडतात, हे मला माहीत आहे. मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलून घ्या आणि सीट पुन्हा भरून घ्या, एका महिन्यात ते पैसे निघतात. पावसाच्या दिवशी खुशाल पिकअप काढा.

शेताच्या चकरेबद्दल अजून एक, आणि हे तुम्हाला गाडी विकणाऱ्यानं सांगितलं नसेल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा, म्हणजे धुराचे कडक नियम पाळणाऱ्या, डिझेल गाड्यांना धुराच्या नळीत काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. जमलेली काजळी जळून जायला इंजिन चांगलं तापावं लागतं, गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. तीन किलोमीटर जायचं, बंद करायचं, तीन किलोमीटर यायचं, यात ती तापतच नाही. जाळी भरत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, ॲव्हरेज उतरतो आणि वर्कशॉपला जावं लागतं. महिन्याचे १,२०० रुपये तुम्हाला दिसतात, हा खर्च दिसत नाही. शेताला मोटारसायकल, हे तुमच्या गाडीसाठीसुद्धा बरं. आणि मागच्या हौद्यात लोखंडी पाईप, फवारणीचा पंप, मागच्या वर्षीच्या ताडपत्र्या कायम पडून असतील तर उतरवून ठेवा. टायरची हवा पंधरवड्याला बघा. आमचे ड्रायव्हर पहाटे, टायर थंड असताना हवा बघायचे, पळून तापल्यावर नाही.

एवढं केलं तर काय वाचतं? शाळा-शेताचे साधारण ३,५००, लातूरच्या फेऱ्यांचे सव्वाचार हजार. महिन्याला ७,७०० धरा. फेब्रुवारी ते जून पाच महिन्यांचे ३८,५००. लेकीच्या क्लासचा जूनचा हप्ता ४०,००० आहे.

पण हे पैसे आपोआप साठणार नाहीत. पगार झाला त्याच दिवशी ७,७०० लेकीच्या नावाच्या खात्यात टाका. पासबुक ताईंकडं द्या.

आता ते ४४६ किलोमीटर. तुम्हाला वाटेल मी आधी तेच कापायला सांगेन. नाही सांगणार. आईंचा डॉक्टर तर गरजच आहे. एसटीत ७५ च्या पुढच्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, पण ज्यांना स्टूल लागतं त्यांना त्या योजनेचा काय उपयोग? तुळजापूरला लेकरांना घेऊन जाता, ते जा. सगळ्या किलोमीटरनं पैसा आणलाच पाहिजे असं मी कधीच मानलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा आमच्या ट्रकनं किल्लारीला पत्रे आणि चादरी घेऊन किती फेऱ्या केल्या, ते मी पानाच्या समासात लिहून ठेवलंय. भाड्याचा आकडा नाही, डिझेलचा आहे. त्या डिझेलबद्दल घरात कुणी कधी चकार शब्द काढला नाही, कारण ते लपवलेलं नव्हतं. तुमच्या हौसेलाही तसंच उजेडात ठेवा. महिन्याला ३,५०० रुपये, घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवलेले. एका महिन्यात संपले तर पुढच्या पहिल्या तारखेपर्यंत थांबा. आणि रविवारी कुठं जायचं ते एखाद्या वेळी ताईंना ठरवू द्या.

विकायचं का? हप्त्यावरून माझा अंदाज असा की तुमचं अजून साडेनऊ लाखांच्या आसपास कर्ज राहिलं असेल. बँकेत जाऊन आज गाडी मोकळी करायची तर किती भरावे लागतील, मुदतीआधी फेडण्याचा दंड धरून, हे लेखी घ्या. मग लातूरला जुन्या गाड्यांच्या दोन व्यवहारवाल्यांना गाडी दाखवा. तोंडी भाव नको, ‘आज चेक देतो’ असा भाव विचारा. अशा डबल केबिनच्या गाडीला आपल्याकडं गिऱ्हाईक कमी, म्हणून मला वाटतं भाव मनासारखा येणार नाही. दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. छोट्या कारचं नवं कर्ज काढून त्या कारनं हेच १,८०० किलोमीटर फिरायचे असतील, तर व्यवहारातले दोन-तीन लाख घालवून हाती फार काही लागणार नाही. म्हणून आधी किलोमीटर कमी करा, गाडीचं नंतर बघू.

पण मुदत ठेवा. एप्रिलअखेर लेकीच्या खात्यात २३,००० जमले पाहिजेत. नाही जमले, तर मे महिन्यात शाळेला सुट्टी असताना गाडी विका. सोयाबीनच्या हंगामात चार दिवस टेम्पो भाड्यानं लावा. तो टेम्पोवाला नीट बोलेल असा निवडा. आता गावात चार आहेत, वडिलांच्या वेळी एकच होता. दुसऱ्याच्या टेम्पोत माल घातला म्हणून तुमच्या वडिलांचं काही कमी झालेलं नव्हतं, गुरुजी. त्याच मालावर त्यांनी तुम्हाला शिकवलं.

आणि शेजारीपाजारी म्हणतील, ‘मागं आमचे चार कट्टे टाका, डिझेलचे पैसे देतो.’ पांढऱ्या पाटीच्या गाडीवर भाडं घेऊ नका. परवाना नसताना भाड्याचा माल नेताना काही झालं तर विमा नाकारला जाऊ शकतो. ओळखीच्याचा माल न्यायचाच असेल तर फुकट न्या, नाहीतर नेऊ नका.

प्रश्न : आमच्याकडून कर्नाटकाची हद्द ३० किलोमीटर आहे. तिकडं डिझेल तीन रुपयांनी स्वस्त मिळालं तर मी टाकी भरायला जातो. मित्र म्हणतात वेडेपणा आहे. आणि परभणीकडं तर आपल्याहून महाग असतं, ते का?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : मुद्दाम जात असाल तर मित्र बरोबर आहेत. ५० लिटर भरलं तर दीडशे रुपये वाचतात. जाऊन-येऊन ६० किलोमीटर. तुमची गाडी पंधराचा ॲव्हरेज देते असं धरलं तरी चार लिटर लागतं, म्हणजे साडेतीनशेच्या वर. बिदरला कामासाठी गेलाच असाल तर येताना जरूर भरा. हद्दीवरच्या पंपांवर आमच्या ट्रकसुद्धा थांबायच्या, पण त्या तीनशे लिटर भरायच्या आणि रस्ता त्यांच्या वाटेवरचाच होता. शिवाय राज्यं कर बदलत असतात. मागच्या वर्षीचा फरक यंदा असेलच असं नाही, तेव्हा निघायच्या आधी भाव बघून घ्या.

परभणीचं दुखणं जुनं आहे. तिकडचं इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून येतं. तीनेकशे किलोमीटर टँकर चालतो आणि ते वाहतुकीचं भाडं दरात धरलं जातं. त्यामुळं राज्यातला सगळ्यात महाग दर म्हणून परभणीचं नाव कित्येकदा पेपरात आलंय. दोष तिथल्या पंपवाल्याचा नाही, त्याच्याशी वाद घालू नका.

प्रश्न : काकू, माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. कर्ज काढून मालवाहू पिकअप घेतो म्हणतो. आमच्या भागातून छत्रपती संभाजीनगरला मोसंबीच्या एका फेऱ्याला २,८०० रुपये भाडं मिळतं, अंतर ७५ किलोमीटर. त्याचा हिशोब असा की डिझेल ५५० चं लागतं, बाकी सगळं उरतं. मला धीर होत नाही.
— एक आई, ता. अंबड

उत्तर : ताई, तुमच्या मुलाचा हिशोब जायचा आहे, यायचा नाही. गाडी परत येतेच, आणि मोसंबी उतरवून येताना बहुतेक वेळा रिकामी येते. १५० किलोमीटरला, भरलेली-रिकामी मिळून तेराचा ॲव्हरेज धरला तर साडेअकरा लिटर, म्हणजे साडेदहाशे रुपये. त्याच्या हिशोबाच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय मार्केटात रात्रभर थांबणं, जेवण, टायरची झीज. फेऱ्याला हजार-बाराशे सुटले तर चांगलं म्हणायचं.

दुसरं म्हणजे हंगाम. आंबिया बहाराची मोसंबी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. बँकेचा हप्ता मात्र मे महिन्यातही येतो. मधल्या महिन्यांत तो काय भरणार, कुणाचं भरणार, हे त्यानं नावानिशी सांगितलं पाहिजे. ‘मिळेल काहीतरी’ याला मी माल म्हणत नाही.

मुलगा कष्टाळू आहे, हे तुमच्या पत्रातून कळतं. त्याला नाही म्हणू नका. तीन महिने दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जाऊ द्या आणि रोज रात्री एका वहीत चार गोष्टी लिहायला सांगा : किती किलोमीटर, किती लिटर, किती भाडं, येताना गाडी भरलेली की रिकामी. त्यासाठी वेगळा मोठा परवाना काढावा लागेल का, अशी शंका असेल तर सांगते. साध्या चारचाकीच्या परवान्यावर, गाडी आणि माल मिळून ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. तीन महिने झाले की ती वही मला पाठवा. मी बसून बघते आणि कर्ज किती झेपेल ते आकड्यांत कळवते.